यझ्द ते शिराझ : दिवसभराचा प्रवास आणि संध्याकाळचे इराणी जेवण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलच्या अखेरीस आपण पतीपत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या, शाकाहारी असलेल्या आई असे चौघे चालकासह भाड्याने घेतलेल्या गाडीने यझ्दहून शिराझला जाणार आहात. चालक शिराझचेच रहिवासी आहेत. त्यांनी संदेश पाठवून त्याच संध्याकाळी आपल्याला घरी जेवायला बोलावले आहे, आणि ‘आमच्या घरातून विचारत आहेत की आपण काय खाता’ असेही लिहिले आहे. हे आमंत्रण मनापासूनचे आहे की नुसता शिष्टाचार, वाटेत काय पाहावे, काय घेऊन जावे, आईंच्या जेवणाची व्यवस्था कशी करावी आणि या जेवणाचे पैसे द्यावेत का, असे आपण विचारले आहे.

मराठी प्रवाशांना इराणमध्ये रस्त्याने फिरवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि त्या अनुभवावरून माझा पहिला सल्ला असा की, त्या दिवसाचे मुख्य काम संध्याकाळचे ते जेवण आहे असे समजून बाकीचा सगळा प्रवास त्याभोवती बसवावा. बहुतेक प्रवासी याच्या उलट करतात. वाटेतील सगळी स्थळे एका दिवसात कोंबतात, रात्री साडेनऊला धुळीने माखलेले, थकलेले आणि धाब्यावरचे कबाब पोटात असलेले असे यजमानांच्या दारात उभे राहतात, आणि मग ज्या माउलीने सकाळपासून स्वयंपाक केलेला असतो तिच्यासमोर दोन घास खाऊन पुरे म्हणतात. अर्थात या सगळ्याआधी एक गोष्ट करावी. इराणची परिस्थिती आणि भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही काळात अनेकदा बदलले आहेत, तेव्हा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय तिकिटे पक्की करू नयेत, आणि सूचना जाऊ नका असे सांगत असेल तर प्रवास निःसंकोचपणे पुढे ढकलावा.

आता आमंत्रणाविषयी. इराणी समाजात ‘ताआरोफ’ नावाची एक शिष्टाचाराची पद्धत आहे. टॅक्सीचालक भाडे घेताना ‘काही द्यायचे कारण नाही’ म्हणतो, दुकानदार वस्तू आपलीच समजा म्हणतो, आणि आपण दोनतीनदा आग्रह केल्यावर पैसे स्वीकारतो. त्याने पहिल्यांदा नाही म्हटले म्हणून कोणी पैसे न देता निघून गेले तर तो अपमान ठरतो. जेवणाची आमंत्रणेही काही वेळा अशीच असतात. रस्त्यावर ओळख झालेला माणूस निरोप घेताना घरी या म्हणतो तेव्हा छातीवर हात ठेवून आभार मानावेत आणि पुढे चालावे. मनापासूनचे आमंत्रण मात्र तपशिलावरून ओळखता येते. दिवस सांगितलेला असतो, वेळ सांगितलेली असते, घरातील स्त्रियांना कल्पना दिलेली असते, आणि आपण एकदोनदा ‘आपल्याला त्रास नको’ म्हटले तरी ते पुन्हा येते. आपल्या बाबतीत काय खाता हा प्रश्न घरातून आलेला आहे, आणि माझ्या मते संशयाला जागा उरलेली नाही. एकदा सौजन्याने नाही म्हणावे, दुसऱ्यांदाही संकोच दाखवावा, आणि तिसऱ्यांदा आनंदाने होकार द्यावा. होकार दिल्यानंतर आयत्या वेळी रद्द करू नये.

त्या उत्तरातच आईंच्या जेवणाचा विषय स्पष्ट लिहावा, कारण तो जेवायला बसल्यावर काढण्याचा विषय नव्हे. ‘शाकाहारी’ एवढेच कळवून भागत नाही. इराणमध्ये पुष्कळ लोकांच्या मनात मांस म्हणजे मुख्यतः मेंढीचे किंवा गाईचे मांस, त्यामुळे मांस न खाणाऱ्या पाहुणीसमोर कोंबडी किंवा मासा अगदी प्रेमाने ठेवला जातो. म्हणून ‘गूश्त नेमीखोरन्द, मोर्ग हम नेमीखोरन्द, माही हम नेमीखोरन्द’, म्हणजे त्या मांस, कोंबडी आणि मासे यांपैकी काहीही खात नाहीत, असे तिन्ही नावे घेऊन कळवावे. अंडे चालते की नाही हेही सांगावे, कारण इराणी घरात मांसाला पर्याय म्हणून चटकन सुचणारा पदार्थ ‘कूकू सब्जी’ असतो, आणि तो भरपूर कोथिंबीर, पार्सली, शेपू आणि कांद्याची पात अंड्यात घालून केलेला जाड, हिरवागार पोळा असतो. गिलान प्रांताकडचे ‘मिर्झा घासेमी’ हे भाजलेल्या वांग्याचे लसूणयुक्त भरीतही अंडे घालूनच होते. अंडे चालत नसेल तर ‘कश्क-ए बादेमजान’, म्हणजे तळून मऊ शिजवलेली वांगी आणि त्यांवर कश्क हा ताकापासून बनवलेला दाट, आंबट पदार्थ, किंवा ‘अदस पोलो’, म्हणजे मसूर, मनुका आणि खजूर घातलेला भात, हे दोन्ही उत्तम. ‘आश’ नावाचे दाट सूप दिसायला पूर्ण शाकाहारी असते, त्यात शेवया, कडधान्ये आणि पालेभाज्या असतात, परंतु ते पुष्कळदा हाडांच्या पाण्यात शिजवलेले असते. म्हणून त्याच्याविषयी वेगळे विचारावे. आई कांदालसूण वर्ज्य करीत असतील तर तेही आधीच सांगितले पाहिजे, कारण इराणी रस्सा परतलेल्या कांद्यावाचून क्वचितच सुरू होतो. ‘त्यांना भात, दही आणि भाजी पुरे’ असे आपण लिहाल, आणि यजमानीणबाई तेवढ्यावर कधीही थांबणार नाहीत, परंतु त्यांना दिशा मिळेल.

प्रवासाचा दिवस मी असा आखतो. यझ्द ते शिराझ हे अंतर सुमारे 440 किलोमीटर आहे आणि रस्ता चांगला आहे. सकाळी सातच्या आत निघावे. ताफ्त गाव ओलांडताना डावीउजवीकडे डोंगर उठू लागतात. त्यांतील शीरकूह 4,000 मीटरपेक्षा उंच असून एप्रिलमध्ये त्याच्या माथ्यावर बर्फ असते, आणि पायथ्याला वाळवंट असते. पहिला थांबा अबरकूह. येथील सुरूचे झाड 4,000 वर्षांचे असल्याचे सांगितले जाते आणि त्याचा बुंधा पाहून त्या वयावर विश्वास बसतो. त्याच गावात मातीच्या विटांनी बांधलेले शंकूच्या आकाराचे बर्फघर आहे. हिवाळ्याच्या रात्री उथळ कुंडांत पाणी गोठवून ते बर्फ अशा घुमटाखालच्या खोल खड्ड्यात साठवत, आणि जाड भिंतींमुळे ते उन्हाळ्यापर्यंत टिकत असे. मुलाला हे दाखवून आणि समजावून सांगावे. मला स्वतःला या रस्त्यावरील सर्वांत बुद्धिमान वास्तू हीच वाटते.

अबरकूहनंतर रस्ता इस्फहानहून येणाऱ्या महामार्गाला मिळतो आणि दोन हजार मीटरपेक्षा उंच पठारावरून दक्षिणेकडे जातो. दुपारी पासारगाद येथे पोहोचावे. सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभी असलेली, उतरत्या छपराची साधी दगडी खोली हे सायरसचे, म्हणजे ज्याला इराणी लोक कूरोश म्हणतात त्या प्राचीन इराणच्या हखामनी घराण्यातील सम्राटाचे थडगे होय. त्याचा मृत्यू इ. स. पू. 530 मधील. परिसर उघडा आहे, सावली नाही, त्यामुळे आईंना टोपी आणि पाणी अवश्य द्यावे.

दुपारचे जेवण येथे हलके घ्यावे. इराणी कुटुंबे प्रवासात गालिचा किंवा चादर, चहाचा थर्मास, पाव, चीज, काकडी आणि फळे बरोबर ठेवतात आणि झाडाची सावली दिसली की तेथे बसतात. आपणही तसेच करावे. शेजारच्या चादरीवरून चहाचा पेला किंवा मूठभर कच्चे बदाम येण्याची शक्यता बरीच आहे. वसंतात इराणी लोक कोवळे हिरवे बदाम आणि आंबट हिरवी आलुबुखारे आपल्याकडच्या कैरीच्या फोडींप्रमाणे मीठ लावून खातात, आणि ती देऊ केली तर घ्यावीत.

पर्सेपोलिस, म्हणजे तख्त-ए-जमशीद, ही हखामनी सम्राटांची प्राचीन राजधानी याच वाटेवर शिराझच्या अलीकडे सुमारे 60 किलोमीटरवर आहे, आणि ते त्या दिवशी पाहू नये असे माझे ठाम मत आहे. ते नीट पाहायला किमान तीन तास लागतात, दुपारच्या उन्हात आईंना ते सोसणार नाही, आणि त्या तीन तासांची किंमत संध्याकाळी मोजावी लागेल. ते दुसऱ्या दिवशी सकाळी शिराझहून जाऊन पाहावे, त्याबरोबरच जवळचे नक्श-ए-रुस्तम, म्हणजे कड्यात कोरलेली राजांची थडगी, हेही पाहून होते. अशा आखणीने आपण पाच-साडेपाचला हॉटेलवर पोहोचाल, अंघोळ आणि तासभर विश्रांती होईल, आणि शिराझमध्ये त्या दिवसांत नारिंगाच्या फुलोऱ्याचा शेवटचा बहर असेल तर त्याच्या वासात थोडे चालताही येईल.

चालकांना त्यांच्या घरी थोडे लवकर जाऊ द्यावे, आणि वेळ नेमकी विचारून घ्यावी, कारण इराणी भात वाट पाहत नाही. हा भात कसा होतो ते माहीत असले म्हणजे वेळेचे महत्त्व कळते. तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवतात, भरपूर पाण्यात उकळून दाण्याच्या पोटात किंचित कणी राहिली असतानाच वेळून घेतात, मग पातेल्याच्या तळाशी तेल किंवा लोणी आणि त्यावर पातळ पावाचे किंवा बटाट्याच्या कापांचे अस्तर घालून त्यावर भाताची रास करतात, चमच्याच्या दांड्याने त्यात भोके पाडतात, झाकणाला फडके बांधतात आणि मंद आचेवर तासभर दम देतात. फडके वाफेचे पाणी शोषते म्हणून प्रत्येक शीत सुटे राहते, आणि तळाशी सोनेरी, कुरकुरीत खरवड तयार होते, तिचे नाव ‘तहदीग’. ती जमली की नाही यावर इराणी गृहिणीची कसोटी लागते. आपण एक तास उशिरा गेलात तर ती करपते किंवा मऊ पडते. वाटेत उशीर होऊ लागला तर चालकांना घरी फोन करण्याची आठवण स्वतःहून द्यावी.

काय न्यावे, याचे उत्तर यझ्दमध्येच आहे. अमीर चखमाक चौकातील हाजी खलीफे रहबर हे जुने मिठाईचे दुकान प्रसिद्ध आहे. तेथून ‘घोत्ताब’ (बदाम आणि वेलचीचे सारण भरून तळलेले, साखरेत घोळवलेले गोळे) किंवा बाकलवा यांचा डबा घ्यावा. भारतीय बँकांची कार्डे इराणमध्ये चालत नाहीत, तेव्हा रोख रियाल हाताशी ठेवावेत, आणि किंमत बहुधा तोमानमध्ये सांगितली जाते व एक तोमान म्हणजे दहा रियाल होतात, हे लक्षात असू द्यावे. घरून नेण्यासारखे काही हवे असेल तर कोकणातील काजू, चांगली हिरवी वेलची किंवा आसामचा चहा यांना तेथे खरी किंमत आहे. केशर आणि पिस्ते नेण्यात अर्थ नाही. मद्य तर अजिबात बाळगू नये, इराणमध्ये त्यावर कायद्याने बंदी आहे. भेट दिल्यावर यजमान ती न उघडता बाजूला ठेवतील, तशी तेथे रीतच आहे.

घरात शिरताना पादत्राणे दाराशी काढावीत. स्वच्छतागृहासाठी वेगळ्या चपला ठेवलेल्या असतात, त्या तेथेच राहू द्याव्यात. पुरुषांनी घरातील स्त्रियांशी हस्तांदोलनासाठी स्वतःहून हात पुढे करू नये, छातीवर हात ठेवून किंचित वाकले की पुरते. आपल्या पत्नीने आणि आईंनी डोक्यावर रुमाल घेऊनच आत जावे. आत गेल्यावर यजमानीणबाई कशा वावरतात आणि काय म्हणतात यावरून पुढचे ठरवावे, कारण यात घरोघरी फरक असतो. यजमान आपल्याला दारापासून सर्वांत दूरच्या जागी बसवू पाहतील, तो मानाचा भाग आहे. एकदा नको म्हणून बसावे. आईंना जमिनीवर मांडी घालता येत नसेल तर तेही आमंत्रण स्वीकारतानाच कळवावे, म्हणजे खुर्ची किंवा टेबल तयार असेल.

आधी कोरा चहा येईल, साखरेचा खडा दातांत धरून तो प्यायचा असतो. त्याबरोबर फळे, सुकामेवा, आणि मीठ लावून खायला काकड्या, कारण तेथे काकडी फळांच्या थाळीत असते. मुख्य जेवण नऊच्या पुढेच होते. मुलाला आणि आईंना या वेळी फळे खाऊ द्यावीत, मोठ्यांनी मात्र सुकामेव्यावर पोट भरू नये.

नंतर जमिनीवर ‘सोफ्रे’, म्हणजे जेवणाची चादर, पसरली जाईल. तिच्यावर पाय पडू देऊ नये. एप्रिलमध्ये ताजा वालपापडीसारखा मोठा घेवडा, म्हणजे ‘बाघाली’, बाजारात येऊ लागतो, त्यामुळे शेपू आणि बाघाली घातलेला हिरवा भात व मेंढीचे मांस हा बेत बराच संभवतो. ‘घोर्मे सब्जी’ असेल तर तिला विशेष दाद द्यावी. पार्सली, कोथिंबीर, पात आणि मेथी बारीक चिरून गडद रंग येईपर्यंत परतायची, त्यात राजमा, मांस आणि वाळवलेली आख्खी लिंबे घालून तासन्‌तास मंद शिजवायचे, असा तो कष्टाचा पदार्थ आहे. मेथीमुळे त्याचा वास मराठी माणसाला लगेच ओळखीचा वाटतो, आणि वाळल्या लिंबाचा कडसर आंबटपणा मात्र अगदी नवा असतो. झेरेश्क ही लाल, आंबट, मण्यांएवढी सुकी फळे घातलेला भात कोंबडीबरोबर येतो. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानियाचा बेरी पुलाव आपण खाल्ला असेल तर हीच फळे आपल्या ओळखीची आहेत. शिवाय तुळशीच्या जातीची पाने, पुदिना, मुळे अशी कच्ची हिरवी थाळी, काकडी-टोमॅटो-कांद्याची शिराझी कोशिंबीर, दही आणि पुदिना घातलेले ताक असतेच.

चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात धरून भात खातात. आधी थोडाच भात घ्यावा आणि रस्सा त्याच्या कडेला थोडा थोडा घालावा, कारण ताट रिकामे झाले की ते पुन्हा भरले जाणार, आणि दुसऱ्यांदा घेतले नाही तर यजमानीणबाई स्वयंपाकात काय चुकले याचा विचार करीत बसतील. तहदीगचा मोठा तुकडा पाहुण्याला मिळतो. तो घ्यावा आणि मोडून शेजाऱ्यांनाही द्यावा. या जेवणात तिखट जवळजवळ नसते. पिशवीतून लोणचे किंवा ठेचा काढणारे प्रवासी मी पाहिले आहेत, आणि यजमान तेव्हा काही बोलत नाहीत, परंतु त्यांचा चेहरा उतरतो. आंबट, केशरी, औषधी पानांच्या सुगंधाची ही चव जिभेवर स्थिरावायला थोडा अवधी द्यावा, ती फार सूक्ष्म आणि श्रीमंत आहे. जेवण आवडले हे ‘दस्त-ए शोमा दर्द नकोने’ या शब्दांत स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाच थेट सांगावे. आपले हात दुखू नयेत, असा त्याचा आशय आहे.

गप्पांसाठी विषय कमी पडत नाहीत. इराणी हॉटेलांची मुंबई-पुण्यातील परंपरा, आणि ती चालवणाऱ्या झरतुष्ट्री कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळे आपण सकाळी सोडलेल्या यझ्द परिसरात आहेत, ही गोष्ट तेथे फार कुतूहलाने ऐकली जाते. शिराझच्या घरात हाफिजचे नाव निघणारच. चौदाव्या शतकातील या कवीला दख्खनच्या बहमनी सुलतानाने आपल्या दरबारी बोलावले होते, तो होर्मुझपर्यंत आला, परंतु समुद्रातील वादळाने घाबरून परत फिरला, अशी कथा फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. बहमनी राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा प्रदेश होता, तेव्हा ‘तो आमच्याकडे यायचा राहिला’ असे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. जेवणानंतर हाफिजचे पुस्तक उघडून प्रत्येकाच्या नावाने फाल, म्हणजे कौल, पाहतील. मनात एक इच्छा धरून शांतपणे ऐकावे. राजकारणाचा विषय आपण काढू नये. यजमानांनी काढलाच तर ऐकून घ्यावे आणि त्यांच्याकडून मते वदवून घेऊ नयेत, कारण आपण दोन दिवसांनी निघून जाणार आणि त्यांना तेथेच राहायचे आहे. छायाचित्रे विचारूनच घ्यावीत, आणि घरातील स्त्रियांची, विशेषतः डोक्यावर रुमाल नसतानाची, छायाचित्रे समाजमाध्यमांवर कधीही टाकू नयेत.

निघायला वेळ लागतो. आपण उठाल, ते अजून लवकर आहे म्हणतील, पुन्हा चहा येईल. साधारण तिसऱ्यांदा उठाल तेव्हा निघावे, आणि रात्री तेथेच राहण्याचा आग्रह झाला तरी हॉटेलवर परतावे.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. त्या घरात पैसे देऊ नयेत, मुलांच्या हातातही ठेवू नयेत. पाहुणचाराची किंमत लावली असे त्यांना वाटेल आणि ते दुखावतील. चालकांचे ठरलेले भाडे आणि त्यांच्या कामाबद्दलची बक्षिसी हा वेगळा व्यवहार आहे. तो प्रवासाच्या शेवटच्या दिवशी गाडीपाशी, पाकिटात घालून पूर्ण करावा, ते नको म्हणतील तेव्हा तीनदा आग्रह करावा, आणि बक्षिसी जेवणाबद्दल आहे असे चुकूनही म्हणू नये. घरी परतल्यावर त्या संध्याकाळचे एखादे चांगले छायाचित्र यजमानीणबाईंना पाठवावे, आणि आईंना अदस पोलो आवडला असेल तर त्याची कृती त्यांना विचारावी.